कूलरच्या टाकीत प्लेसिओसॉर: चार फ्लिपरांनी पोहणं घरी करून पाहण्याची रीत

मृग लागून दोन-चार चांगल्या सरी पडल्या की नागपुरातले कूलर बंद होतात. वाळ्याच्या ताट्या गच्चीवर वाळत पडतात आणि खालची टाकी मोकळी होते. अडीच-तीन फूट लांब, फूटभर खोल. पाण्यात एखादी वस्तू कशी हलते हे पाहायला इतकं सोयीचं भांडं दुसरं नाही, आणि ते आपल्याकडे घरोघरी आहे.

या टाकीत काय पाहायचं ते माझ्या भाचीनं ठरवलं. तिच्या पुस्तकात प्लेसिओसॉरचं चित्र होतं: लांब मान, रुंद अंग आणि पंखासारखे चार पाय. तिनं विचारलं, "मामा, कासव तं समोरच्या पायांनीच पोहते. मग याचे मागचे पाय पण तेवढेच मोठे काहून?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांमध्येही शंभर वर्षं वादाचा राहिला आहे. तो हातानं करून पाहता येतो, म्हणून ही रीत सविस्तर लिहितो आहे. दोन दिवस धरा. सामान करायला एक, चाचण्यांना एक.

आधी प्राण्याची ओळख

प्लेसिओसॉर डायनासोर नव्हेत. ते समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी. साधारण २० कोटी वर्षांपूर्वीपासून ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ते जगातल्या समुद्रांमध्ये होते. पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा मेरी अॅनिंग यांनी इंग्लंडच्या लाइम रीजिस इथल्या किनाऱ्यावर १८२३ च्या डिसेंबरात शोधून काढला. तेव्हापासून लोक त्या चार पायांकडे पाहत आले आहेत, कारण पुढचे आणि मागचे असे चारही पाय पंखासारखे आणि जवळजवळ एकसारखे असलेला प्राणी आज जिवंत नाही. समुद्री कासव पुढच्या फ्लिपरांनी, म्हणजे पंखासारख्या पायांनी, ढकलतं आणि मागच्यांनी वळण घेतं. पेंग्विनही तसाच. सी-लायन पुढच्यांवर जोर देतो, सील मागच्यांवर. चारही इंजिनं चालू असलेला नमुना कुठे बघायला मिळतच नाही.

म्हणून तर्क झाले. १९२४ मध्ये डी. एम. एस. वॉटसन यांनी मांडलं की हा प्राणी होडीसारखा वल्हवत असावा. १९७५ मध्ये जेन रॉबिन्सन म्हणाल्या, नाही, तो पाण्यात पक्ष्यासारखा उडत असावा. १९८४ मध्ये स्टीफन गॉडफ्रे यांनी मधली वाट सुचवली: थोडं उडणं, थोडं वल्हवणं, सी-लायनसारखं. पुढे २०१५ मध्ये संगणकावर प्राणी पोहवून पाहिला गेला आणि निष्कर्ष निघाला की पुढचे फ्लिपरच खरं काम करतात, मागच्यांचा वेगाला फारसा हातभार नाही. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, ल्यूक मस्कट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या पाण्याच्या टाकीत यंत्रानं हलणारे फ्लिपर एकामागे एक लावले. त्यांना दिसलं ते उलट होतं. मागचा फ्लिपर एकटा असताना जितका रेटा देतो, त्यापेक्षा पुढच्याच्या मागे राहून ६० टक्क्यांपर्यंत जास्त रेटा देतो, आणि त्याची कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत वाढते. अट एकच: वेळ जुळली पाहिजे.

आपल्याला कूलरच्या टाकीत हेच तपासायचं आहे. आकडे त्यांच्याइतके बारीक येणार नाहीत, पण वेळ जुळणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसेल.

(नागपूरच्या आसपास प्लेसिओसॉरचं हाड शोधायला निघू नका. सीताबर्डीची टेकडी लाव्हाच्या खडकाची आहे, कामठीचे वाळूचे खडक नद्यांनी आणलेल्या गाळाचे आहेत, आणि टाकळीला हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांना सापडलेल्या गोगलगाई गोड्या पाण्यातल्या. इथे त्या काळचा समुद्र नाही. भारतातल्या ज्युरासिक काळातल्या इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा २०१७ मध्ये जाहीर झाला, तो कच्छमधल्या लोडाई गावाजवळचा.)

पहिली पायरी: बादलीत हात

ही पायरी टाळू नका. पाच मिनिटांची आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

बादली भरा. तळहात मागच्या बाजूला वळवून, पाण्याला आडवा धरून सरळ मागे ओढा. पाणी जड लागतं, हात अडतो. हे वल्हवणं. आता हात पुन्हा पुढे आणायचाय. तसाच आणलात तर जेवढं पुढे गेला असतात तेवढं मागे ढकलले जाल, म्हणून तळहात वळवून, कड पुढे करून धारेनं आणावा लागतो. अंबाझरीला नावाडी वल्हं पाण्याबाहेर उचलून पुढे नेतो तेही याचसाठी. पाण्याखाली बुडालेल्या प्राण्याला ती सोय नाही. त्याचा परतीचा अर्धा वेळ कामाविना जातो.

दुसरा प्रकार. तळहात जमिनीला समांतर ठेवा, अंगठा पुढे. हात खाली ढकलताना अंगठ्याची कड किंचित खाली वळवा आणि वर आणताना किंचित वर. हात वर-खालीच हलवायचा आहे, तरी दोन्ही फेऱ्यांत तो आपोआप पुढे सरकू पाहतो. मनगटाला ते ओढणं लगेच कळतं. हे पाण्यात उडणं. यात परतीची फेरी वाया जात नाही.

आता हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा, मनगटाशी रबर लावा, बोटं एकमेकांना चिकटवून तेच पुन्हा करा. ओढ वाढलेली जाणवेल. प्लेसिओसॉरनं केलं ते हेच, फक्त हाडांनी. आपल्या हाताच्या बोटांत १४ हाडं: अंगठ्यात दोन, बाकी चारांत तीन-तीन. त्याचीही बोटं पाचच, पण लांब बोटांमध्ये दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त हाडं एकामागे एक ओवलेली. कोपराच्या खालची दोन हाडं आखूड आणि चपटी झालेली, कोपर वाकत नाही, मनगट वाकत नाही. सगळा हात म्हणजे खांद्यातून फिरणारं एकच लवचीक पातं. छातीची आणि कमरेची हाडं पोटाखाली रुंद ताटांसारखी पसरलेली, म्हणजे फ्लिपर खाली ओढणारे स्नायू लावायला भरपूर जागा.

दुसरी पायरी: फ्लिपर

सामान: आकाशकंदिलाची बांबूची कामटी, फाइलचं जाडसर पण वाकणारं प्लास्टिक कव्हर, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, प्लास्टिकची चिकटपट्टी, एम-सील, सायकलचे चार जुने स्पोक. स्पोक आणि ट्यूब सायकलच्या कोणत्याही दुकानात टाकाऊ ढिगात मिळतात.

कामटीचा २० सेंटिमीटर तुकडा घ्या. प्लास्टिकचा २० बाय ८ चा तुकडा कापा. त्यातला पुढचा २ सेंटिमीटर भाग कामटीभोवती गुंडाळून चिकटपट्टीनं घट्ट करा, मागे ६ सेंटिमीटर पातं मोकळं राहील. त्यावरून कामटीच्या बाजूनं ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, म्हणजे पुढची कड जाड आणि गोल होईल. मग मागचे दोन्ही कोपरे तिरके कापा. मधोमध रुंद, टोकांना निमुळतं. एका पात्यात डावा आणि उजवा असे दोन्ही फ्लिपर आले. असे दोन एकसारखे करा. एकसारखे म्हणजे खरंच एकसारखे. एकावर एक ठेवून कापा.

पुढची कड ताठ आणि मागची लवचीक, यातच सगळं आहे. पातं खाली जाताना मागची कड वर वाकते, वर येताना खाली वाकते. बादलीत आपण मनगटानं जे वळण दिलं, ते इथे पातं स्वतः घेतं.

आम्ही पहिल्यांदा पातं रिकाम्या फिनाइलच्या कॅनमधून कापलं होतं. दिसायला छान, पण कडक. दिवसभराची मेहनत, आणि पाण्यात उतरवल्यावर ते वर-खाली होत जवळजवळ जागीच राहिलं. भाची रडवेली होऊन म्हणाली, "मामा, हे तं समोर जाऊनच नाही राहिलं." कडक पातं वाकत नाही, म्हणून पाणी फक्त वर-खाली फेकलं जातं, मागे नाही. तुमचंही पातं पुढे जात नसेल तर आधी हेच तपासा. बोटानं मागच्या कडेला हलका दाब दिला तर ती सहज अर्धा-पाऊण इंच वाकली पाहिजे. फार पातळ पिशवीसारखं प्लास्टिकही चालत नाही, ते नुसतं फडफडतं.

तिसरी पायरी: गाडी

प्लंबरकडून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटर तुकडा आणा. त्यातून सैल सरकेल पण खडखडणार नाही अशी गुळगुळीत सळई किंवा अॅल्युमिनियमची नळी घ्या, टाकीपेक्षा दोन्हीकडे हातभर लांब. पाइप सळईवर आगगाडीसारखा सरकला पाहिजे. अडकत असेल तर सळई कोरड्या फडक्यानं पुसून मेणबत्ती घासा.

दोन-दोन स्पोक एकत्र बांधून एक-एक टांगणी करा. स्पोकची टोकं कापलेली असतील तर कानशीनं घासून त्यावर एम-सीलचा गोळा लावा. लहान मुलांचे हात आणि डोळे जवळ असणार आहेत. टांगणीचं वरचं टोक ३ सेंटिमीटर काटकोनात वाकवून पाइपाला ट्यूबच्या पट्टीनं आवळा. खालच्या टोकाला कामटी आडवी, मधोमध, दोऱ्यानं फुलीसारखी बांधून वर एम-सील दाबा. पातं जमिनीला समांतर हवं. एम-सील वाळेपर्यंत ते कशावर तरी टेकवून ठेवा. खाली एक-एक लोखंडी नट बांधलात तर गाडी डुलत नाही.

ट्यूबची पट्टी मुद्दाम सांगतो आहे, कारण मागची टांगणी पुढे-मागे सरकवावी लागणार आहे. कायमची चिकटवू नका.

चौथी पायरी: टाकी

कूलरचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. पंप आणि वायर बाहेर काढा, टाकी कूलरपासून वेगळी करून अंगणात किंवा गच्चीवर न्या. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात, त्यामुळे पोट्ट्यांना ही पायरी स्वतः करू देऊ नका. टाकी घासून धुवा, पाणी साधारण २५ सेंटिमीटर भरा. टाकी समपातळीत आहे का ते पाण्याच्या कडेवरूनच कळतं. फुटाळ्यावर किंवा गांधीसागरवर जाऊन हे करायच्या फंदात पडू नका. तिथे वारा आणि लाटा असतात, काही मोजता येत नाही, आणि काठ मुलांसाठी धोक्याचा.

पाचवी पायरी: एकच फ्लिपर

मागची टांगणी काढून ठेवा. सळईची दोन टोकं दोघांनी धरायची, टाकीच्या कडेच्या थोडी वर, अशी की पातं पाण्याच्या मधोमध राहील. आता दोघांनी मिळून सळई वर-खाली करायची. एकूण ६ सेंटिमीटर, सेकंदाला एकदा; एकदा खाली-वर म्हणजे एक ठोका. फोनवर मेट्रोनोम (ठराविक ठोके देणारं अॅप) लावा किंवा मोठ्यानं मोजा. सळई आडवीच राहिली पाहिजे, आणि पुढे-मागे अजिबात ढकलायचं नाही.

दोन-तीन ठोक्यांत गाडी सरकू लागते. वर-खाली करणाऱ्या हातांना पुढचं काही माहीत नाही, आणि तरी पाइप सळईवरून पुढे चालला आहे! ते पहिल्यांदा पाहताना आमच्या गच्चीवर सगळे गप्प झाले होते.

टाकीच्या कडेवर ४० सेंटिमीटर अंतराच्या दोन खुणा करा आणि तेवढं जायला किती ठोके लागले ते वहीत लिहा. पाच वेळा करा. मग गाडी उलटी फिरवून दुसऱ्या दिशेनं पाच वेळा करा. हे महत्त्वाचं आहे: सळई एका बाजूला जराशी कललेली असेल तर गाडी उतारानं घसरते आणि आपल्याला वाटतं फ्लिपरनं नेली. दोन्ही दिशांची सरासरी घेतली की तो उतार आपोआप कटतो. हा तुमचा कासवाचा आकडा.

सहावी पायरी: मागचा फ्लिपर, आणि अंतर

इथे वेळ द्या. सगळी मजा इथेच आहे.

पुढचं पातं प्रत्येक ठोक्याला मागे पाण्याचे दोन भोवरे सोडतं. खाली जाताना एका दिशेनं फिरणारा, वर येताना उलट दिशेनं फिरणारा. अशी भोवऱ्यांची दोन ओळींची माळ तयार होते आणि त्यांच्या मधून पाणी जोरात मागे वाहतं. मागचं पातं या माळेतून जाणार आहे. ते भोवऱ्यांना चुकवत, त्यांच्यामधून नागमोडी गेलं तर प्रत्येक भोवरा त्याच्यावरचं पाणी आणखी वेगानं फिरवतो आणि रेटा वाढतो. भोवऱ्यावरच जाऊन आदळलं तर उलट होतं.

खऱ्या प्राण्यानं ही वेळ मागचा पाय थोडा आधी किंवा नंतर हलवून साधली असणार. आपल्या गाडीत दोन्ही पाती एकाच सळईवर आहेत, एकत्रच वर-खाली होतात. मग वेळ कशी बदलायची? अंतर बदलून. वर्धा रोडवर एका वेगानं गाडी चालवत एक सिग्नल हिरवा मिळाला, तर पुढचा हिरवा मिळेल की लाल, ते दोन सिग्नलमधल्या अंतरावर ठरतं. तसंच पुढच्या पात्याचा भोवरा मागच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा मागचं वर असेल की खाली, हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरतं.

म्हणून मागची टांगणी लावा आणि पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत अंतर ८ सेंटिमीटर ठेवा. पाच आणि पाच अशा दहा फेऱ्या, सरासरी. मग १२, १६, २०, २४. ठोक्यांचा वेग आणि उंची अजिबात बदलू नका; ती बदलली तर भोवऱ्यांमधलं अंतरच बदलतं आणि आधीच्या नोंदी पुढच्यांशी जुळत नाहीत. आलेख काढा: आडवं अंतर, उभे ठोके. अंतर वाढत गेलं तसे ठोके एकसारखे वाढत किंवा कमी होत जात नाहीत, ते खाली-वर होतात का, हे पाहायचं. जिथे ठोके सर्वांत कमी, तिथे मागचा फ्लिपर भोवऱ्यांच्या मधून चालला आहे.

मुलं थकतात आणि उंची कमी होते. दर पाच फेऱ्यांनी हात बदला.

सातवी पायरी: भोवरे डोळ्यांनी पाहणं

ड्रॉपरमध्ये दूध घ्या. गाडी थांबलेली असताना पुढच्या पात्याच्या मागच्या कडेला, पाण्याखाली, दोन-तीन थेंब अलगद सोडा. एकच ठोका द्या. दूध गुंडाळलं जाऊन पांढरा वळसा मागे जाताना दिसेल. फोन टाकीच्या वरून धरून स्लो-मोशनमध्ये घ्या. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट अंतराचे दोन व्हिडिओ शेजारी लावले तर मागचं पातं त्या वळशाशी कसं वागतं ते स्पष्ट कळतं. दूध जास्त घातलंत तर पाणी गढूळ होऊन काहीच दिसत नाही, म्हणून हे शेवटी ठेवलं आहे.

याच गाडीवर काय करू नये

इक्थिओसॉर करू नका. तो शेपटीनं पोहत असे, माशासारखा. त्याचे पाय दिशा आणि तोल सांभाळायला. मोसासॉर या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचंही मुख्य इंजिन शेपूटच. नोथोसॉर, म्हणजे प्लेसिओसॉरच्या आधीचा समुद्री सरपटणारा प्राणी, मात्र मुलांना सांगण्यासारखा. चीनमधल्या लुओपिंग इथे मध्य ट्रायासिक काळातल्या समुद्रतळावर त्याच्या पुढच्या पायांच्या जोडीजोडीनं उमटलेल्या खुणा सापडल्या, २०१४ मध्ये त्या जाहीर झाल्या. दोन्ही वल्ही एकदम तळाच्या चिखलात रोवत तो पुढे जात होता. त्याच्यासाठी बादलीतला पहिला प्रकार, वल्हवणं.

प्लेसिओसॉरच्या फ्लिपरची एक गोष्ट तुमच्या पात्यावर करून पाहता येईल. २०२५ मध्ये जर्मनीतल्या एका प्लेसिओसॉरच्या मऊ भागांचा अभ्यास आला. शेपटीकडची कातडी गुळगुळीत, आणि फ्लिपरच्या मागच्या कडेला खवले. तुमच्या पात्याच्या मागच्या कडेवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे ओळीनं लावा आणि पाचवी पायरी पुन्हा करा. कड थोडी ताठ होते, म्हणून ठोके बदलतात. वाढले की कमी झाले ते वहीत लिहा, आणि पट्टी काढून पुन्हा एकदा तपासा.

संध्याकाळी पाणी टाकीत ठेवू नका. पावसाळ्यात दोन-चार दिवसांतच त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागतात. दुधाचं पाणी जास्वंदीला घाला, टाकी उपडी करून कोरडी होऊ द्या, आणि जिथे रंग खरवडला गेला असेल तिथे पुढच्या उन्हाळ्याआधी ऑइल पेंटचा हात मारा.